तंजावरचं सुतक

बद्रीनाथ औताडे यांनी आयुष्यात एकच गोष्ट बायकोला न विचारता ठरवली, आणि तीही लग्नाच्या पंगतीत, तिसऱ्या जिलबीवर. चितेगावला त्यांचा चुलतभाऊ मोतीराम शेजारच्या पाटावर बसून दुबईची सहल सांगत होता. उंटावर बसलो, वाळूत जेवलो, ढगातल्या मजल्यावर फोटो काढला. बद्रीनाथ संभाजीनगरात सरकारी कचेरीत लिपिक. त्यांची सगळ्यात लांबची सहल म्हणजे शिर्डी (आणि तिथंही दर्शनाच्या रांगेत साहेबांचा फोन आला होता). जिलबी गिळून ते सहज म्हणाले, "आम्ही पण निघालोय. तंजावरला. आपले पूर्वज तिथं सरदार होते ना."

मोतीरामचा हात द्रोणात थांबला. "कोन सरदार?"

"हैबतराव औताडे. मराठ्यांच्या फौजेबरोबर गेले, ते तिकडंच राहिले."

"मंग आमाला कसं ठावं नाय?"

"तुम्ही दुबईत होता," बद्रीनाथ म्हणाले आणि मठ्ठा मागितला.

हे हैबतराव तोपर्यंत बद्रीनाथांनाही ठाऊक नव्हते. मठ्ठा येईपर्यंत त्यांना घोडा मिळाला, ताक संपेपर्यंत जहागीर मिळाली. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेलेली होती. सुरेखाबाई दारातच उभ्या होत्या.

"अहो, तंजावरला चाललोय म्हणं आपण?"

बद्रीनाथ आता नाही म्हणणारच होते. पण सुरेखाबाईंनी देव्हाऱ्यामागून एक तांब्याची लोटी काढली. तोंडाला लाल कापड, वर मेणाची गच्च मोहोर. नऊ वर्षांपूर्वी त्या माहेरच्या माणसांबरोबर काशीला गेल्या होत्या, तिथलं गंगाजल. ते रामेश्वराला वाहिलं म्हणजे यात्रा पुरी. दरवर्षी त्या विचारायच्या, आणि दरवर्षी बद्रीनाथांच्या कचेरीत मार्चअखेर असायची. जूनमध्येसुद्धा.

"तंजावरहून रामेश्वर जवळ हाय," त्या एवढंच म्हणाल्या. बद्रीनाथांनी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

आता सरदार म्हटलं की वंशावळ आली. वडील, आजोबा, पणजोबा, इथवर बद्रीनाथांना नावं येत होती. चौथ्या जागी त्यांनी भारदस्त वाटतं म्हणून 'राणोजी' लिहिलं आणि पाचव्या जागी थेट हैबतराव बसवले. चार्टपेपर, स्केचपेन, वर लॅमिनेशन. कॉलेजात जाणाऱ्या श्रेयाने तो कागद पाहिला.

"पप्पा, साडेतीनशे वर्षांत पाचच पिढ्या? म्हणजे प्रत्येकाला सत्तराव्या वर्षी पोरगा झाला?"

"पूर्वीची माणसं दणकट होती," बद्रीनाथ म्हणाले.

तर अशी चार माणसं निघाली: बद्रीनाथ, सुरेखाबाई, श्रेया आणि बद्रीनाथांच्या आई भागूबाई. भागूबाईंनी बरोबर पाच किलो ज्वारीचं पीठ, ठेचा आणि आपला तवा घेतला होता. पहिल्या इडलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आजाऱ्याला बरं हाय हे." सुरेखाबाई मात्र सगळ्या गर्दीत लोटीची पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. ती त्यांनी सामानात ठेवली नाही, श्रेयाच्याही हाती दिली नाही.

तंजावरात औताडे आडनावाचं एक घर आहे, हे बद्रीनाथांनी आधीच फोनाफोनी करून शोधलं होतं. (हे त्यांच्या खोट्यात चुकून शिरलेलं एकमेव खरं.) अप्पाराव औताडे, निवृत्त मास्तर. सकाळी उतरल्या उतरल्या मंडळी तिकडे गेली. संध्याकाळी मोठं देऊळ, उद्या पहाटे रामेश्वर, असा बेत होता.

अप्पारावांचं मराठी जुनं, सावकाश आणि तमिळ हेलाचं. "यावें, बसावें," ते म्हणाले. घरात फार शांत होतं. कोपऱ्यात एक तरुण गुळगुळीत डोक्याने बसला होता.

"तिरुपतीहून आलात वाटतं! छान छान!" बद्रीनाथ त्याला म्हणाले. त्याला मराठी बेताचंच समजत होतं. त्याने नम्रपणे मान डोलावली.

भागूबाईंची नजर मात्र भिंतीलगत जमिनीवर तेवणाऱ्या दिव्यावर गेली होती. त्यांनी मुलाचा सदरा मागून ओढला. बद्रीनाथांनी सदरा सोडवून घेतला आणि वंशावळ उलगडली. (लॅमिनेशन केलेली वंशावळ उलगडत नाही, फडफडते.)

"हे आमचे राणोजी. हे हैबतराव. मूळ पुरुष. यांचा एक मुलगा तिकडं चितेगावला परतला, दुसरा इथंच राहिला. म्हणजे तुम्ही!"

अप्पारावांनी आतून एक जुनी वही आणली. वरच्या ओळी पाण्याने पुसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. "येथें नाव दिसत नाहीं," ते म्हणाले. मग बद्रीनाथांकडे पाहून म्हणाले, "हैबतरावच असणार. दुसरें कोण असणार?"

आणि त्यांनी बद्रीनाथांना मिठी मारली. "थोरला दादा गेला माझा. आज चौथा दिवस. घरात मराठी बोलायला कोणी उरलें नाहीं म्हणत होतों, तर देवानें भाऊ धाडला!"

बद्रीनाथांचे डोळे खरोखर भरून आले. म्हातारा रडत होता, आणि त्यांना वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलो. त्यांनी तिथल्या तिथं 'औताडे परिवार चितेगाव' या ग्रुपवर फोटोसह मजकूर टाकला. आपले तंजावरचे थोरले काका निवर्तले, समस्त परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली. पुढे हात जोडलेल्या पाच आकृत्या.

मागे वळले तर भागूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"झालं समाधान? कवाधरनं सदरा वढतेय मी. लागलं ना सुतक!"

"आपल्याला कसलं सुतक, आई?"

"भावकी हाय म्हनलास ना? पाच पिढ्या म्हनलास ना? सात पिढ्यांच्या आत धा दिस सुतक. आज चौथा. आजून सा दिस देवळाची पायरी चढायची नाय."

परतीची गाडी आजपासून चौथ्या दिवशी होती.

"आई, एवढ्या लांबचं सुतक कुठं लागतं? हजार किलोमीटर..."

"सुतक काय यष्टीनं येतं व्हय रं?"

"आत्ताच कळलंय ना पण! कळलं नसतं तर?"

"तूच कळवून घेतलंस की, कागुद नाचवून! अन् गावाकडं कळवलंस का?"

बद्रीनाथांनी फोन पाठीमागे लपवला. भागूबाईंना सगळं कळलं.

"मोतीरामच्या रूपाचा साखरपुडा हाय ऐतवारी! आता तो बी अडला. बद्री, बद्री!"

सुरेखाबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, बद्रीनाथांना त्याची सवय होती. पण त्यांनी फक्त पिशवीतली लोटी हलकेच खाली ढकलली, वर टॉवेल घातला आणि पिशवीचे बंद बांधून टाकले. नऊ वर्षांत त्यांनी ते बंद इतके घट्ट कधी बांधले नव्हते.

श्रेया बापाच्या कानाशी आली. "पप्पा, सत्तराव्या वर्षीच्या पोरांचं सांगा की आता."

बद्रीनाथांनी एकदा बांधलेल्या पिशवीकडे पाहिलं, एकदा अप्पारावांकडे. म्हातारा चहा सांगायला उठला होता आणि सुतकात पाहुण्यांना चहा द्यावा की नाही म्हणून दारातच अडला होता. बायकोचं रामेश्वर वाचवायचं तर याचा भाऊ परत घ्यायचा.

"अप्पाराव," ते म्हणाले, "राणोजी मी तयार केला. हैबतरावही. मला पणजोबाच्या पुढं कुणाचंच नाव येत नाही. पंगतीत भावापुढं मिरवायला बोललो, आणि ते इथवर आलं. मी तुमचा कोणी नाही. माफ करा."

अप्पारावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत लावला.

"या वहींतलीं वरचीं तीन नावें," ते म्हणाले, "माझ्या आजोबांनीं मनचीं घातलीं. त्यांनाही कुठल्याशा लग्नांत कोणापुढें तरी मिरवायचें होतें."

मग ते भागूबाईंकडे वळले. "आईसाहेब, मानलेल्या भावाला सुतक असतें काय?"

भागूबाईंनी विचार केला. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं.

"मानलेल्याला नसतं," त्या म्हणाल्या. "दुखवट्याच्या घरी आलो, तर आंघुळ केली की झालं. अन् मानलेल्या भावाच्या घरी चहा बी चालतो."

सुरेखाबाईंनी पिशवीचे बंद सोडले.

चहा झाला. अप्पाराव पुन्हा एकदा रडले आणि त्यांनी 'पुढच्या वर्षीं येणार ना?' असं चारदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी रामेश्वरला मेणाची मोहोर फुटली. सुरेखाबाईंनी लोटी स्वतः पुजाऱ्याच्या हाती दिली. बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, खोटं बोललात पण कामाला आलं." इतकी स्तुती बद्रीनाथांची लग्नानंतर झाली नव्हती.

त्याच उभारीत ते समुद्राकाठी बसले आणि रूपाचा साखरपुडा सोडवायला लागले. मजकूर कचेरीच्या सवयीने उतरला: 'सदर वंशावळीतील अनुक्रमांक चार व पाच काल्पनिक आहेत. सबब तंजावर येथील मयताशी आपले नाते नसल्याने कोणीही सुतक पाळू नये, ही विनंती.' खरं बोलून माणूस इतका हलका होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

दहा मिनिटांत मोतीरामचा फोन आला.

"आवं बद्रीभाऊ, काय करून ठिवलं हे?"

"मिटवलं की सगळं! सुतक नाही म्हणून लिहिलंय. वाचलं ना?"

"वाचलं म्हनूनच तर! काल तुमी श्रद्धांजली टाकली, तवा कुनी मनावर घेतलंच नाय. म्हनले, बद्रीचं हाय, सोडून द्या. आमी तर पेढ्यांची आर्डर बी दिली. आता तुमी नातं नाय म्हनून लिवलं, अन् समदी भावकी घाबरलीय! बद्री नाय म्हनतोय, म्हंजी नक्कीच असनार. म्हाताऱ्या मान्सांनी देवाला हात लावायचं बंद केलंय."

बद्रीनाथांना समुद्र थोडा तिरका दिसला. "मग आता काय करू?"

"लई काय नाय. तेवढं पुन्यांदा 'नातं खरंच हाय' म्हनून टाका. म्हंजी साखरपुडा होऊन जाईल."

बद्रीनाथांनी टाकलं. पाचव्या मिनिटाला ग्रुपवर पेढ्यांचा फोटो आला.