सोनवणे काकांची कॅप

सोनवणे काका समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, तोंडात बघून बोलत. आपण विचारावं, "काका, नळाला पाणी आलं का?" तर उत्तर यायचं, "वरची उजवी दाढ काळी पडलीय तुझी. दाखवलीस का कुणाला?"

इंदिरानगरात ते आमच्या शेजारी राहत. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलरवर झालेली. निवृत्त झाल्यावर एका दाढेचं रूट कॅनाल करून त्यांनी वर कॅप बसवली, आणि बॉयलरवरची सगळी माया त्या कॅपवर गेली.

"आत मेलेला दात असतो, ठिसूळ. कॅप म्हणजे त्याचं हेल्मेट," ते समजावत. "हेल्मेट किडत नाही, म्हणून लोक निवांत राहतात. पण हिरडीपाशी सांधा असतो ना, तिथून कीड शिरते. लीकेज नेहमी सांध्यातूनच! मेंटेनन्स, बाबा, मेंटेनन्स!"

संक्रांतीला त्यांच्याकडे जायला लोक बिचकत. काका लाडू आधी टेबलावर आपटून बघायचे. टणक वाजला की परत डब्यात. मऊ निघाला तर हातावर ठेवत म्हणायचे, "तिळगूळ घ्या, हळू चावा." मग काकू, मूळच्या येवल्याकडच्या, आतून ओरडायच्या, "लय झालं तुमचं! लोकांना खाऊ तरी द्या!"

पुढे माझ्याही दाढेवर कॅप आली. एका रविवारी चिक्की खाताना ती निघून हातातच आली. दवाखाना बंद. मी ओट्यावर फेविक्विक शोधत होतो, तेवढ्यात काका पेपर मागायला आले.

"अरे, ते चपलेला लावतात!" त्यांनी ट्यूब हिसकावलीच. "कॅप धू, डबीत घाल आणि बस स्कूटरवर."

"रविवार आहे, काका."

"डॉक्टरचं घर माहितीय मला."

डॉक्टर बनियनवरच दारात आले. काकांना बघून त्यांचा चेहरा पडला, पण बिचाऱ्यांनी दवाखाना उघडला. दाढ साफ करून, सिमेंट लावून कॅप बसवली.

"चावून बघा. उंच लागते का?" हे डॉक्टर आणि काका दोघांनी एकदमच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभार मानायला गेलो. दार उघडंच होतं. काकूंना त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काका त्यांच्यासमोर स्टुलावर बसून त्यांचे दात घासत होते. एक हात हनुवटीखाली, मांडीवर टॉवेल, आणि ब्रश इतका हळू फिरत होता की मी दारातच थांबलो.

"ये," मान न वळवता काका म्हणाले. "समोरच्या दातावर कॅप आहे हिच्या. माझ्यानंतर हिलाही बसवून घेतली."

चूळ भरायला त्यांनी काकूंच्या ओठांशी भांडं धरलं.

"लग्नाच्या आधीच तुटलेला तो दात. हसताना कायम तोंडावर पदर. मी आपला समजायचो, लाजते. कॅप बसली आणि पदर सुटला, तेव्हा मला कळलं." त्यांनी टॉवेलच्या टोकाने काकूंची हनुवटी टिपली. "आता तोंड वाकडं झालं, तर परत हात आडवा धरायला लागलीय."

बोलण्याच्या नादात भांडं कलंडलं आणि फेसाचं पाणी काकांच्या सदऱ्यावर सांडलं. ते दचकून उठले. त्यांची ती तारांबळ बघून काकूंना हसू फुटलं आणि त्यांचा डावा हात आपसूक तोंडाकडे निघाला.

काकांनी तो मध्येच धरला आणि अलगद खाली, मांडीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "मला बघू दे."