ट्रक ठेवायचा की कोंबड्या?

काचबिंदूपायी योगीराजचं स्टिअरिंग सुटलं, तेव्हापासून उमरग्याच्या त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. उभी हयात हायवेवर काढलेला हा माणूस आता ओसरीवर बसून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकायचा, आणि ड्रायव्हर नवशिका वाटला की मनातल्या मनात शिव्या घालायचा. माहेरपणाला आलेल्या लेकीला, समृद्धीला, ते बघवेना. जाताना ती त्याच्या मोबाइलात दोन गेम टाकून गेली.

"अप्पा, एक ट्रकचा हाय, एक शेतीचा. दोन्ही ठिवले की मोबाइल अडकतोय. खेळून बघा, अन् एक काढून टाका."

शेतीचा गेम बायकोला, राजेश्वरीला, लगेच आवडला. बोट लावलं की गाजर उगवायचं, कोंबड्या दाणे मागायच्या, आणि वीज म्हणून जायची नाही. योगीराजनं मात्र नाक मुरडलं.

"खत न्हाय, पाणी न्हाय. ही काय शेती हाय व्हय?"

त्यानं ट्रकचा गेम उघडून गाडी रस्त्यावर काढली. पहिल्याच वळणावर ट्रक दरीत गेला. गेमनं तत्काळ नवाकोरा ट्रक उभा केला, तोही दरीत. त्याच्यामागून तिसराही. योगीराजचं तोंड उतरलं. खऱ्या रस्त्यावर त्याच्या गाडीखाली कधी कुत्रंसुद्धा आलं नव्हतं.

"माझ्या कोंबड्या तरी मरत न्हाईत," राजेश्वरी म्हणाली. "ट्रकच काढून टाका."

"गाडीत खोट न्हाय. पूजा न करता काढली, तिथं चुकलं."

मग रीतसर पूजा झाली. मोबाइलला हळदकुंकू लागलं, उदबत्ती ओवाळली गेली. राहिलं लिंबू. चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय योगीराजनं एकही नवी गाडी रस्त्यावर आणली नव्हती. पण मोबाइलला चाकं कुठली? त्यानं पाटावर एक मऊ लिंबू ठेवलं, त्यावर मोबाइल उभा धरला आणि मनोभावे दाबला. लिंबू फुटलं. रस सगळा चार्जिंगच्या भोकात गेला.

मोबाइल पुसला, तांदळाच्या डब्यात पुरला, उन्हात ठेवला. तो चालू होता, पण चार्जिंग घेईना. बॅटरी तांबडी झाली होती.

"उरली तेवढी तू खेळ," योगीराज खचून म्हणाला. "कोंबड्यांना दाणे टाक."

राजेश्वरीनं मोबाइल हातात घेतला, आणि त्यालाच परत दिला.

"ट्रक काढा. बायामाणसं केबिनीत चालत न्हाईत म्हणून कधी बसवलं न्हाई मला. आज जळकोटला सोडा, माहेरी."

योगीराजनं सरकून शेजारी जागा केली.

त्याला कडेचं दिसत नव्हतं, ते ती सांगू लागली. "डावीकडं दरी हाय. अजून जरा... आता वळवा! अवो हळू, माणूस बसलंय गाडीत!"

वळण निघालं. दुसरंही निघालं. ट्रक कुठल्याशा बर्फाळ परमुलखातून चालला होता, आणि राजेश्वरी येणेगूर मागं पडल्याचं सांगत होती. योगीराज कितीतरी दिवसांनी हसला.

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली.

"काय झालं वो? थांबलो का?"

"बोगदा आलाय," योगीराज म्हणाला. "बसून ऱ्हा."

उमरगा ते जळकोट रस्त्यावर बोगदा नाही, हे राजेश्वरीला पक्कं ठाऊक होतं. ती पदर सावरून तशीच बसून राहिली.