काटेरावांची सेटिंग

एका जंगलात, बाळांनो, इंग्रजीतला एकच शब्द शिरला होता आणि बाकीच्यांची गरजच पडली नव्हती. तो शब्द म्हणजे सेटिंग. मोर नाचला आणि लांडोर हसली, की सेटिंग झाली. माकडाला उंबराची भरलेली फांदी मिळाली, की त्याची सेटिंग होती. फांदी मोडली, की सेटिंग बिघडली. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडं घातलं, तर तिची म्हणे आतून सेटिंग. प्रेम, मेहनत, नशीब आणि लबाडी ही चारही कामं तो शब्द एकटाच उरकायचा.

त्या जंगलात काटेराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. सरळ स्वभावाचं, फक्त अंगावर काटे. त्याची बायको साळूबाई बाळंत व्हायला आली होती आणि घराचा पत्ता नव्हता. खडक उकरून उकरून काटेरावांची नखं झिजली होती.

टेकडीवर रिकामी बिळं पुष्कळ होती. ती द्यायचं काम म्हाताऱ्या अस्वलाकडे होतं. पण थेट अस्वलाकडे जायची त्या जंगलात रीतच नव्हती. खार म्हणाली, माझी वानराशी सेटिंग आहे. वानराची तरसाशी होती. तरस अस्वलाच्या मेहुण्याला ओळखत होता, म्हणजे निदान एकदा लांबून पाहिलं होतं. तिघांनी काटेरावांचे गोड कंद खाल्ले आणि तिघांनी सांगितलं, लावलीय सेटिंग, बसेल.

ती काही बसेना. साळूबाईला चालवेना. बिचारे काटेराव रडकुंडीला आले आणि घायकुतीला येऊन भलतंच करून बसले. ते सरळ अस्वलाकडे गेले.

अस्वल मोहाची फुलं चघळत बसलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वडाखालचं बीळ रिकामंच आहे. जा राहायला," ते म्हणालं. "आणि येत जा रे अधूनमधून. माझ्याकडे कुणी फिरकतच नाही."

वडाखालच्या बिळात साळूबाईला दोन गोंडस पिल्लं झाली. काटेरावांना जग जिंकल्यासारखं वाटलं. जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, की काही लागत नाही हो, नुसतं जाऊन मागायचं.

जंगलाला हे फार लागलं. सांगायचं नसेल तर नको सांगू, पण आम्हाला खुळ्यात काढू नकोस, असं खार तोंडावर म्हणाली. वानराने बोलणं टाकलं. तरस मात्र वाटेत अदबीने बाजूला झाला. याची सेटिंग फार वरपर्यंत असणार, हे त्याने ओळखलं.

एके दिवशी ससा बोरं घेऊन दारात आला. त्यालाही बीळ हवं होतं. काटेरावांनी त्याला अस्वलाचा रस्ता दाखवला. ससा ढसाढसा रडायला लागला, गरिबाला असं टोलवू नका म्हणाला.

साळूबाईने नवऱ्याला आत बोलावलं.

"अहो, खरं सांगून त्याला का छळताय? बघतो म्हणा की."

काटेराव बाहेर आले. "बघतो," ते म्हणाले. "आपली सेटिंग आहे." ससा त्यांच्या पाया पडला. संध्याकाळी काटेराव टेकडीवर गेले, अस्वलाकडे बीळ मागितलं आणि मिळालं.

मग काय, रोज कुणीतरी येई. काटेराव रोज टेकडी चढत. अस्वलाशी सुखदुःखाच्या गप्पा होत, येताना एक बीळ मिळे. लबाडी म्हणावी तर कुणाचं काही गेलं नव्हतं. तरीही त्यांना रात्री झोप लागेना. शेवटी एकदा अस्वलाला सगळं सांगून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं.

ते तोंड उघडणार, तेवढ्यात अस्वलच जवळ सरकलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काटेराव, वाघमहाराजांकडे माझं एक काम अडलंय. वर तुमची सेटिंग आहे म्हणतात. तेवढं बघाल का?"

तात्पर्य : नेहमी सरळ रस्त्याने जावे. मात्र कोणी पाहत असेल, तर थोडे वाकडे चालावे. नाहीतर लोकांचा विश्वास उडतो.