अकरावी जागा

एका जंगलात, मुलांनो, एका मंगळवारी बातमी आली. त्या मंगळवारात विशेष काही नव्हतं. त्रिंबकराव साळिंदर बिळाच्या तोंडाशी बसून काट्यांना ऊन देत होते. त्यांची बायको द्वारकाबाई सांबराचं गळून पडलेलं शिंग कुरतडत होत्या. साळिंदरांना शिंग कुरतडायला आवडतं. तुम्हाला पेन्सिल आवडते, तसंच.

तेवढ्यात परीट पक्षी आला. हा परीट दर थंडीत उत्तरेकडून येई आणि तिकडच्या बातम्या आणी. त्या वर्षी बातमीबरोबर त्याने धंदाही आणला होता.

"ऐका हो ऐका!" शेपटी वरखाली करत तो म्हणाला. "थंडीच्या सुट्टीत बर्फाचा डोंगर! गरिबाला परवडेल असा दर. जाऊन-येऊन आठ दिवस, दोन्ही वेळचे कंद, आणि बर्फावरून घसरायला प्रत्येकी एक पळसाचं पान. दरडोई फक्त चाळीस आवळे. आणि दहा जण जमले, तर अकरावा फुकट!"

ज्याला यायचं असेल त्याने पाणवठ्याच्या चिखलात पंजाचा ठसा उमटवायचा. झाली नावनोंदणी.

द्वारकाबाईंनी शिंग खाली ठेवलं.

"अहो, जाऊ या आपण. तो म्हणतो, बर्फ पडताना आवाज होत नाही. पाऊस बघा, चार थेंब टाकायचे तर केवढा बोभाटा करतो. न बोलता पडणारं काहीतरी मला एकदा बघायचंय."

"म्हणजे मी फार बोलतो, असंच ना?"

"मी पावसाबद्दल बोलतेय."

बिळात सव्वाशे आवळे वाळत पडले होते. दोघांना पुरून उरले असते. पण त्रिंबकराव विचारी होते. विचारी प्राणी आधी विचार करतो आणि मग पुन्हा विचार करतो.

"अकरावा फुकट जाणार," ते म्हणाले, "मग पहिल्या दहांत जाणारे कोण? मूर्खच की! दहा जमू देत. मग बघू."

आणि दहा जमले का, हे पाहायला ते निघाले.

घोरपडबाई दगडावर ऊन खात होत्या. "दहा झाले का हो? झाले की हाक मारा. माझी पिशवी भरलेलीच आहे."

उदमांजर वामनराव म्हणाले, "आमच्या घराण्यात कुणी अकराव्याच्या आत गेलेलं नाही."

कोल्हे मास्तरांनी तर कमाल केली. "मी कालच अकरावा झालोय," ते म्हणाले. "तुम्ही कुणाला विचारून अकरावे होताय?"

संध्याकाळपर्यंत जंगलात तेवीस अकरावे झाले. पहिला एकही नव्हता. आधीचा अकरावा कोण, यावर सभा भरली. ती तीन दिवस चालली आणि चौथ्या दिवशी तहकूब झाली. पाणवठ्याचा चिखल मात्र गुळगुळीत राहिला.

"आपण पहिले दोघं होऊ या की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"आणि मागून कुणी अकरावा आला तर? आपल्या जिवावर फुकट जाईल तो!"

"जाईना का."

"जाईना का कसं?"

"त्याच्या जाण्याने बर्फ थोडाच कमी पडणार आहे?"

याला उत्तर नव्हतं. मुलांनो, उत्तर नसलं की मोठी माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्रिंबकराव म्हणाले, "तुला व्यवहारातलं काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई एकट्याच पाणवठ्यावर गेल्या. पुढचा उजवा पंजा त्यांनी चिखलात नीट दाबला. सुबक ठसा उमटला. परिटाने शेपटी हलवून पावती दिली.

दुपारपर्यंत जंगलभर झालं. "बरं झालं बाई," घोरपडबाई म्हणाल्या, "आता नऊच हवेत." वामनराव त्रिंबकरावांना वाटेत भेटले आणि म्हणाले, "वहिनी पहिल्या का? वा! कुणीतरी असावंच लागतं." आणि मिशीत हसले.

ते हसणं त्रिंबकरावांच्या जिव्हारी लागलं. ते तडक पाणवठ्यावर गेले आणि ठशावरून त्यांनी पाय फिरवला. एकदा फिरवून पुसला जाईना, म्हणून दोनदा फिरवला.

घरी येऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी नक्की दहा जमतील."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि शिंग कुरतडू लागल्या.

पुढच्या वर्षी अकरावे एकतीस झाले. त्या वर्षी द्वारकाबाई पाणवठ्याकडे गेल्या नाहीत. दर तोच होता. आवळे वाळले, कडक झाले, त्यातले काही किडले.

त्याच्या पुढच्या भाद्रपदात द्वारकाबाई वारल्या. तीन दिवस ताप होता.

त्या थंडीत पलीकडच्या जंगलातून मुंगसांचं एक एकत्र कुटुंब राहायला आलं. दहा जण होते. मंडळी नवखी. इथल्या रीतिभाती त्यांना कुणी शिकवल्या नव्हत्या. परिटाची बातमी ऐकताच त्यांनी रांगेने दहा ठसे उमटवले आणि पिशव्या भरायला घरी गेले.

जंगलात हाहाकार उडाला. दहा जमले होते! कोल्हे मास्तर तहकूब सभेचे जुने कागद घेऊन धावले. पण जंगल काही मनाने वाईट नव्हतं.

"त्रिंबकरावांना जाऊ दे," घोरपडबाई म्हणाल्या. "तेवढाच बदल."

"आणि आता ते एकटेच," वामनराव म्हणाले. "अकराव्या जागेत बरोब्बर बसतात." म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. पण गणितात चूक नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्रिंबकराव गेले. डोंगर होता, बर्फ होता. मुंगसं दोघं-दोघं एकमेकांना धरून पानांवरून घसरत होती, कोलमडत होती, पुन्हा चढत होती. त्रिंबकराव एका कडेला उभे होते. फुकट जागेला पान नसतं, हे परिटाने आधी सांगितलं नव्हतं.

"भावोजी, या माझ्या पानावर," एक मुंगशीण म्हणाली. "दोघं मावू."

"नको," त्रिंबकराव म्हणाले. "तुम्ही जा."

आठ दिवसांनी ते परतले. सगळं जंगल बिळाशी जमलं.

"किती पडले हो?" कोल्हे मास्तरांनी विचारलं.

"काही नाही पडले."

"एक आवळासुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

मास्तरांनी सुस्कारा टाकला. असं नशीब हवं, असं जो तो म्हणू लागला. त्रिंबकराव आत गेले. आवळ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, सहलीची घाई कधी करू नये. घाई करणारे पदरचे आवळे घालवतात, दोघं-दोघं जातात आणि पडत-झडत हसत परत येतात. धीर धरणाऱ्याला जागा फुकट मिळते. एकच मिळते, पण फुकट मिळते. द्वारकाबाईंचा ठसा तेवढा पुन्हा उमटवायचा राहून गेला.