साहेबांसाठी निळं चीज

पाहुण्यांना काय खायला घालावं, हे मला विचारावं! निदान आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये तरी. ब्याण्णव साली टोमॅटो सूपवर क्रीमचं नक्षीकाम करणारा इथला पहिला माणूस मीच! त्यामुळे माझ्या बढतीची शिफारस ज्यांच्या हातात होती, ते आमचे कृष्णकांत साहेब जेवायला यायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला बजावलं, "वसुंधरा, श्रीखंड-पुरी नको. चीज!"

तिचा धाकटा भाऊ निनाद बोटीवर नोकरीला. हॉलंडहून आणलेलं चीज आमच्याकडे टाकून तो पंधरा दिवस मित्राकडे उरणला गेला होता. वसुंधरानं त्याचा कागद उलगडला आणि ती किंचाळली, "अहो, बुरशी!"

मी कीव आल्यासारखा हसलो. "बुरशी नव्हे, ब्लू चीज! रविवारच्या पुरवणीत आलं होतं. युरोपात राजेलोक खातात."

"आणि राण्या? त्या तेव्हा माहेरी जातात का?"

तेवढ्यात खालच्या शशिकलाकाकू झाडू घेऊनच वर आल्या. "उंदीर मेलाय का तुमच्याकडं? मी करंजा बंदरावरची हाय, सुक्या मासळीत मोठी झालेली. पन असला वास नाय बाय!"

"काकू, परदेशी चीज आहे ते!"

काकूंचा झाडू खाली आला. "परदेशी? मंग भारी असंल!" आणि नाकाला पदर लावून त्या आदरानं जिना उतरल्या.

साहेब आले. मी काडी टोचलेले चौकोनी तुकडे पुढे केले. "ब्लू चीज, सर!"

साहेबांचा चेहरा वाऱ्यानं छत्री उलटावी तसा उलटला. पण क्षणभरच! "वा! ट्रेनिंगला लंडनला होतो, तेव्हा नाश्त्याला रोज हेच!" त्यांनी तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जुन्या आठवणी," ते म्हणाले.

मीही एक खाल्ला. पावसात भिजलेली चप्पल चावल्यासारखं वाटलं. "झकास!" मी म्हणालो.

इतक्यात निनाद दारात हजर! "भावोजी, काय खाताय हे? चांगलं पिवळंधमक चीज आणलं होतं मी! निळं कधी झालं?"

मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी वसुंधराकडे, वसुंधरानं पंख्याकडे.

मग साहेब ताठ बसले. "काय हो, लंडनला तुम्ही होतात की मी?"

"तुम्ही," निनाद चाचरला.

"मग? उत्तम मुरलंय!" आणि त्यांनी आणखी दोन तुकडे उचलले. साहेबांना एकट्याला कसं खाऊ द्यायचं? बढतीचा प्रश्न होता! मीही उचलले.

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. मीही. दोघांचं कारण एकच, फक्त संडास वेगवेगळे!

बढती अकाउंट्सच्या आशालताबाईंना मिळाली. साहेबांच्या आजारपणात त्यांच्या घरी मऊ दहीभात घेऊन पोचलेल्या त्या एकट्याच!

आमच्याकडेही त्या रजेच्या दिवशी वसुंधरानं दहीभातच कालवला होता. "मीठ बरोबर आहे का?" तिनं विचारलं. खाण्याच्या बाबतीत माझं काहीच मत नसण्याची ती पहिलीच वेळ. मी नुसती मान हलवली आणि घास तसाच टाकून पुन्हा आत पळालो.