मंद आचेवरची डिस्क

आमच्या घरात मिक्सर सुरू झाला, की शेजारच्या खिडकीतून आरोळी येते, "ओ गुरुजी! लोड देऊ नका! भाजायलीय!"

बोरीत नवा आलेला माणूस हे ऐकून समजतो, की शेजारी कुणीतरी भाकरी भाजायला बसलंय. तसं काही नाही. शेजारी खंदारेकाका राहतात आणि ते कॉम्प्युटरवर डीव्हीडी भाजत असतात. आमची शेंगदाण्याची चटणी मग अर्धवट भरड राहते आणि बायको माझ्याकडे बघते. जणू काकांना मीच जन्माला घातलंय.

काका येलदरीच्या धरणावर वीजघरात ऑपरेटर होते. सगळी नोकरी टर्बाइनपाशी गेली. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात, शेत घेतात, निदान भावकीशी भांडण तरी काढतात. काकांनी परभणीहून कॉम्प्युटर आणला आणि डिस्क भाजायला सुरुवात केली. गावातली लग्नं, बारशी, आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन, विहारातले कार्यक्रम, सगळं काकांकडून डिस्कवर उतरून घ्यायचं अशी पद्धतच पडली. "आता पेनड्राइव्ह आलेत की काका," असं कुणी म्हटलं, तर ते दोन बोटांत हवा पकडून दाखवतात. "एवढुसा आस्तो. खिशातल्या तंबाखूत हरवतो. डिस्क कशी, ताटात वाढल्यावानी दिसती."

'बर्न' म्हणजे जाळणं, असं मी एकदा त्यांना सांगायला गेलो. शिकवायची खोड, दुसरं काय.

"जाळायला ते काय सरन हाय का गुरुजी?" काका म्हणाले. "भाजायची आस्ती. भाकरीवानी. मंद आचेवर, सबर धरून."

भाकरीतलं काकांना कळतं. सुजाता, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लहान असतानाच काकू गेल्या. तेव्हापासून पीठ मळण्यापासून सगळं काकांनी स्वतः केलं. त्यामुळे त्यांचं कॉम्प्युटरचं सगळं शास्त्र चुलीपाशी तयार झालेलं आहे. डिस्क अर्ध्यात थांबली तर 'कच्ची राहिली'. चालता चालता अडकायला लागली तर 'करपली'. आणि नीट उतरली, की काका ती भोकात बोट घालून उजेडात धरतात आणि म्हणतात, "हां! पापुद्रा सुटला!"

वेग कायम चारचा. कॉम्प्युटर सोळाचा वेग दाखवतो, पण काका त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. "डिस्क आतून भाईर भाजत जाती, गुरुजी. घाई केली की कडंला करपती. आन् पिच्चरचा शेवट कुटं आस्तो? कडंला!" हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मी वर्गात पृथ्वीचं परिवलन शिकवतानाही कडेला जरा जपून बोलतो.

भाजणं सुरू असताना काकांच्या घरी जाणं हे एक प्रकरण आहे. चपला दाराबाहेर काढायच्या, आणि तेही आवाज न करता. फ्रीजचा प्लग काढलेला. कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढून तिथं टेबलफॅन लावलेला. शिंक आली तर अंगणात जाऊन द्यायची. एकदा ग्रामपंचायतीचे एक सदस्य भर उन्हात अंगणात ताटकळले होते, कारण आत त्यांच्याच मुलीचं बारसं भाजत होतं.

इतकं करूनही डिस्क बिघडायच्याच. एकदा स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली: पॉवर कॅलिब्रेशन एरर. काकांनी मला बोलावून ती मोठ्यानं वाचून घेतली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"पॉवर? पॉवरला नाव ठेवायलाय ह्यो? आरं, जिंदगी गेली माझी पॉवर तयार करन्यात!"

मी म्हटलं, "काका, ती आतल्या लेझरची पॉवर आहे. विजेचा काही संबंध नाही." पण ऐकतो कोण? त्यांनी लगेच येलदरीला जुन्या सोबत्याला फोन लावला आणि आज मशीन नीट चालायलंय का, म्हणून विचारलं. तिकडून काय उत्तर आलं माहीत नाही, पण काकांनी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "बग. सगळं ठीक हाय तिकडं. तूच नालायक हायस." मग डिस्कची कंपनी बदलली आणि ती डिस्क नीट भाजली गेली. काकांच्या मते त्यांनी झापल्यामुळे.

बिघडलेल्या डिस्काही वाया जात नसत. हुरड्याच्या दिवसांत शेतकरी दारात येऊन उभे राहायचे. "काका, दोन-चार करपलेल्या द्या की. जोंधळ्यावर पाखरं लय हायत." त्या काळात बोरीच्या शिवारात कणसांवर लोकांची लग्नं चमकत असायची.

मागच्या वर्षी सुजाताचं लग्न झालं. मानवतचं स्थळ. जावई कापसाच्या जिनिंगवर हिशेबनीस, मुलगा सरळ, घर साधं. घरासमोरच मांडव घातला, भंतेजी आले, मंगलगाथा झाल्या, सगळं कसं छान. फक्त जावयाची आजी येऊ शकली नाही. लग्नाच्या तोंडावर ती ओसरीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या तिचा एकच हट्ट, की लग्न मला टीव्हीवर दाखवा. मोबाइलवर तिला दिसेना, आणि त्यांच्या जुन्या टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये फक्त डिस्कच जायची.

म्हणजे काकांचंच काम! लेकीचं लग्न, तिच्या सासरची म्हातारी, आणि काकांचा हात. गावाला वाटलं, आता अशी डिस्क निघेल की मानवतकर बघत राहतील.

काका रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत डिस्क आणि हरभऱ्याची भाजी घेऊन निघाले. परभणीला गाडी बदलून मानवतला गेले. संध्याकाळी परत आले, तर पडलेला चेहरा करून म्हणाले, "अडकली, गुरुजी. पाठवनीपाशी."

पुढच्या रविवारी दुसरी डिस्क. तीही अडकली. हळद दिसली, मंगलगाथा दिसल्या, पंगती दिसल्या, आणि पाठवणी आली की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि सगळं गप्प. तिसरीचंही तेच. मानवतच्या आजीचा फोन यायचा, तो काका स्पीकरवर लावायचे. "इवाई, तुमची पोरगी मांडवातच हाय की आजून! आमच्या घरी कवा निघायची ती?"

गाव हसायला लागलं. बसस्टँडवर कुणीही विचारायचं, "काका, कुटं?" आणि काका पिशवी सावरत म्हणायचे, "टेस्टिंगला." मला मात्र वाईट वाटत होतं. सगळ्या तालुक्याच्या डिस्का धड उतरवणारा माणूस, आणि त्याला लेकीचीच जमू नये? माणसाची लाज असते ती. त्यात एका शनिवारी जावयाचा फोन आला. अगदी नम्रपणे तो म्हणाला, "मामा, तुमाला कामून तरास? पेनड्राइव्ह द्या, आमी हितंच मानवतला दुकानातून डिस्क करून घेतो."

त्या दुपारी मी शाळेच्या कामासाठी काकांकडे गेलो. चपला हळूच काढल्या आणि दारातच थबकलो. आतून कॉम्प्युटर घरघरत होता, नव्हे, किंचाळत होता. असा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. आत बघतो, तर फ्रीज सुरू, टेबलफॅन बंद, आणि स्क्रीनवर सुजाताच्या लग्नाची फाईल. वेग सोळा.

"काका, हे काय?"

काकांनी दोन्ही पंजे स्क्रीनवर ठेवले. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर ते कितीसे पुरणार?

"तुम्ही मुद्दाम करपवताय?"

काका खुर्ची फिरवून म्हणाले, "गुरुजी, लेकीच्या घरी बापानं कारन नसताना जाऊ न्हाई. एकदा गेलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा लोक म्हनत्यात, ह्येचा काय जीव लागत न्हाई का घरी? बोलून तिला दाखवत्यात, मला न्हाई. काम आसलं की कोनी काई म्हनत न्हाई." मग म्हणाले, "च्या घेतो. ती पानी आनून देती. दहा मिंटं दिसती. बास."

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. मी म्हटलं, "आणि ती म्हातारी? तिला शेवट बघायचाय ना?"

"त्येच की," काका म्हणाले. "तिचं पाप लागायलंय मला." आणि त्यांनी किंचाळणारी डिस्क मध्येच थांबवून बाहेर काढली. नवी घातली. फ्रीजचा प्लग काढला. मला म्हणाले, "उद्या तुमी बी चला संगं. शेवटची खेप हाय. एकट्याला जाववनार न्हाई."

रविवारी आम्ही मानवतला पोचलो. आजी खाटेवर तक्क्याला टेकून बसलेली, डोळे तल्लख. काकांनी डिस्क मशीनमध्ये सरकवली. हळद झाली, गाथा झाल्या, पंगती उठल्या. आणि पाठवणी सुरू झाली. कुठंही अडकली नाही.

टीव्हीवर सुजाता रडतच नव्हती. गाडीत बसता बसता बापाला बजावत होती, की मिठाचा डबा खालच्या फळीवर आहे, गॅस आठवणीनं बंद करत जा. काका ड्रायव्हरला गाडी हळू चालव म्हणून सांगत होते. आजी खुदकन हसली. गाडी निघाली, वऱ्हाड पांगलं. आता संपणार, असं मला वाटलं. पण शूटिंग करणारा पोरगा कॅमेरा बंद करायला विसरला असावा. चित्र सुरूच राहिलं.

रिकाम्या मांडवात काका एकटेच खुर्च्या एकात एक घालत होते. नवरा-नवरीच्या खुर्च्यांपाशी आले, त्यातली एक उचलली, परत ठेवली आणि तिच्यासमोर खाली सतरंजीवर बसले. बसूनच राहिले. कुणी हाक मारत नव्हतं. त्यांना उठायला काही कारणच नव्हतं.

खरे काका टीव्हीच्या मागं वाकून वायर तपासत होते, जिला काहीही झालेलं नव्हतं. सुजाता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे तसाच खाली ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. मीही चष्मा काढून पुसला, उगाच.

तेवढ्यात आजीनं उशीपाशी हात नेला, रिमोट घेतला आणि बटण दाबलं. चित्र थांबलं.

"अडकली," आजी म्हणाली.

काका वायर सोडून उभे राहिले. "न्हाई आजी, तुमी बटन दाबलं. डिस्क चांगली—"

"अडकली म्हनते न्हवं मी!" म्हातारी गरजली. "मला काय दिसत न्हाई का? पाठवनी झाली, पुढचं काय न्हाईच त्यात. दुसरी आना. पुढच्या आइतवारी आना."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग सुजाताकडे. जावई भिंतीकडे बघत मिशीत हसत होता.

"किती वाजता येऊ?" काकांनी विचारलं.

"सकाळीच या, जेवायला," आजी म्हणाली. "आन् परतीची गाडी चुकली, तर चुकू द्या."