संडासातलं कॅलेंडर आणि जावयाची शिल्लक

आमच्या जावयाला एक खोड आहे. काही बदललं की स्वतःपुरतं बदलायचं आणि जगाला कळलंच असं धरून चालायचं! गेल्या वर्षी त्याने आपल्या वाढदिवसाची पार्टी शनिवारवरून रविवारवर नेली. लिहिलं कुठे? स्वतःच्या खिशातल्या डायरीत! आम्हा डच लोकांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात, अख्खं घर बघतं ते तेच, आणि तिथे शनिवारच! बावीस पाहुणे खुर्च्या गोलात मांडून केकची वाट बघत बसले, आणि उत्सवमूर्ती मासे धरायला गेलेली!

असा हा वीबे. यंदा त्याने एंकहाउझन गावातल्या माझ्या बेकरीसाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. राजाच्या वाढदिवसाला आम्ही नारिंगी तोंपूस करतो, म्हणजे आत क्रीम ठासून भरलेली पेस्ट्री. विकायला दोनशे, घरच्यांना तेरा.

"आई, दोनशे भरले की ऑर्डर आपोआप बंद! तुम्ही निवांत कॉफी प्या."

मी प्यायले. दहा वाजता स्क्रीनवर 'शिल्लक २००'. अकरा वाजता? शिल्लक २००! प्रिंटरमधून मात्र ऑर्डरींची पट्टी दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबत होती. मोजल्या. दोनशे बारा! एक्केचाळीस वर्षांत नाव नोंदवलेलं माणूस माझ्या दारातून रिकाम्या हाती गेलेलं नाही!

"अरे वीबे! तुझं यंत्र झोपलंय!"

"छे हो आई! दर ऑर्डरला मी शिल्लक नव्याने मांडतो. हे बघा, फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या या तुकड्याच्या आत."

"आतली शिल्लक कुणाची?"

"फंक्शनची. स्वतःची."

"आणि स्क्रीन कुठली बघते?"

"बाहेरची..."

"म्हणजे तुझ्या डायरीत रविवार आणि संडासात शनिवार!"

त्याचे कान तोंपूसहून नारिंगी झाले. त्याने गुपचूप फंक्शनच्या आत एक ओळ घातली, 'ग्लोबल शिल्लक'. म्हणजे आपली वेगळी काढू नकोस, बाहेरचीच बदल. पुन्हा चालवलं. स्क्रीनवर उणे बारा! ऑर्डर बंद!

मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि इंजिनियर जावयाची चूक पकडली! ते निम्म्या गावाला मी काउंटरवरूनच ऐकवलं. घरच्या तेरांतल्या बारा गिऱ्हाइकांना दिल्या. एकही माणूस रिकाम्या हाती गेलं नाही.

एक उरली. वीबेने हात पुढे केला. मी ती उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले,

"जावईबापू, तुम्ही खाल्लीत, असं आपल्या डायरीत लिहून ठेवा!"